वाइनची चव आणि द्राक्षाचा भाव

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांची तपासणी करणारा कामगार दिवसातून शेकडो वेळा मायक्रोमीटर हातात घेतो. दांड्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने चुकला तरी तो भाग बाजूला पडतो आणि कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर बिघाड झाला याचा शोध सुरू होतो. या कौशल्याला कोणी चैन म्हणत नाही. याच कामगारांपैकी अनेकांची गावे दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत आहेत आणि घरची द्राक्षबाग भाऊ किंवा वडील सांभाळत असतात. ती बाग वाइनच्या द्राक्षांची असेल, तर काढणीच्या दिवशी तेथेही एक तपासणी होते. मण्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, डोळ्याला लावून साखरेचा आकडा वाचायचा आणि तो करारातील आकड्याशी ताडून पाहायचा. तेवढ्यावर ट्रॅक्टर आत जातो किंवा दारात थांबतो. त्या द्राक्षांचे पुढे काय झाले, त्यांची वाइन कोणत्या प्रतीची उतरली, ती कोवळी विकली गेली की मुरवत ठेवली गेली, हे बागाइतदाराला सहसा कळत नाही. ज्या मालावर त्याचा प्रपंच उभा आहे त्याच्या अंतिम रूपाची चव त्याच्या जिभेला ठाऊक नसते.

अंबडपासून तास-पाऊण तासाच्या आत, गंगापूर धरणाच्या बाजूला, हीच चव पर्यटकांना शिकवली जाते. तेथे १९९९ साली स्थापन झालेल्या सुला या कंपनीने २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन उघडले. त्यानंतर नाशिकच्या आसपास अशी दालने वाढत गेली. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी पेला तिरपा धरतात, रंग पाहतात, हुंगतात, घोट तोंडात घोळवतात आणि मार्गदर्शक सांगेल ते गंध आपल्यालाही आल्याचे मान्य करतात. हे दृश्य पाहून चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या मनात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली उपहासाची, की हे सारे रिकामटेकड्या श्रीमंतांचे चाळे आहेत. दुसरी नैतिक, की दारू ती दारू, तिच्या चवीची चर्चा समाजवाद्यांनी करूच नये. पहिल्या प्रतिक्रियेला शास्त्राचा आधारही सापडतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली फुरसती वर्गाची जी मीमांसा केली, तीत उंची खाद्यपेयांतील बारीक भेद ओळखता येणे हे त्या वर्गाच्या प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून नोंदवले होते. तरीही या दोन्ही प्रतिक्रियांत एक साधी आर्थिक गोष्ट निसटते. वाइनच्या धंद्यात किंमत ठरवणारे अखेरचे माप म्हणजे चव होय, आणि ते माप ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या मालाची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

तेव्हा हे माप आहे तरी काय, ते आधी पाहिले पाहिजे. लाल आणि पांढऱ्या वाइनमधील भेद केवळ द्राक्षाच्या रंगाचा नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर रंगहीन असतो. रंग सालीत असतो. लाल वाइनसाठी द्राक्षे साली-बियांसकट आंबवतात, त्यामुळे सालीतला रंग आणि साली-बियांतला तुरटपणा रसात उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी दाबून वेगळा काढतात आणि कमी तापमानात सावकाश आंबवतात, म्हणजे त्यातले हलके सुगंध उडून जात नाहीत. म्हणून पांढरी वाइन चाखताना लक्ष मुख्यतः आंबटपणाकडे आणि गंधाकडे द्यायचे. लाल चाखताना त्यात तुरटपणाची भर पडते. तो तुरटपणा किती आहे यापेक्षा कसा आहे हे महत्त्वाचे. कच्च्या सुपारीसारखा जीभ आणि गाल ओढून घेणारा एक. पिकल्या जांभळासारखा, गोडीच्या पाठोपाठ येऊन हलकेच विरणारा दुसरा. पहिला बहुधा साली-बिया नीट पिकण्याआधीच झालेल्या काढणीची चुगली करतो. साखरेचा आकडा तेव्हा पुरेसा असू शकतो, कारण उष्ण हवामानात साखर झपाट्याने चढते आणि साली-बियांचे पिकणे मागे राहते. नाशिकचा हा नेहमीचा पेच आहे. बीचा रंग तपकिरी झाला का, ती चावल्यावर कुरकुरीत लागते का, साल चघळल्यावर तोंड किती ओढले जाते, हे बागेत उभ्या असलेल्या माणसाला विनाउपकरण कळू शकते. जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हात मण्यातले आम्लही लवकर उतरते. रात्री किंवा पहाटे काढणी करण्याची पद्धत पडली ती द्राक्षे थंड असतानाच कारखान्यात पोहोचावीत म्हणून. आम्ल उतरलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन गुळमट, पाणचट लागते. पहिल्या घोटाला जी तरतरी यावी, ती येत नाही.

कोवळ्या आणि मुरलेल्या वाइनमधील फरक तर डोळ्यांनाच प्रथम दिसतो. कोवळी लाल वाइन जांभळट असते. वर्षे जातात तसा तिचा रंग विटत विटेसारखा तांबूस-तपकिरी होत जातो. कोवळी पांढरी हिरवट झाक असलेली, जवळजवळ पाण्यासारखी असते. वयाबरोबर ती सोनेरी आणि पुढे मधासारखी गडद होते. म्हणजे लाल वाइन वयाबरोबर रंग गमावते आणि पांढरी तो कमावते. पुरेशा म्हातारपणी दोघी एकमेकींच्या जवळ येतात. चवीतही बदल होतो. तुरटपणा देणारे घटक एकमेकांत गुंतून जड होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि घोट मऊ होतो. ताज्या फळांचा वास मागे सरतो. सुकी फळे, तंबाखूची पाने, चामडे, पावसाळी माती यांची आठवण देणारे वास पुढे येतात. मात्र मुरणे म्हणजे सुधारणे हा समज खोटा आहे. जगातली बहुतांश वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, आणि नाशिकच्या शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइनचे सारे सुख त्यांच्या कोवळेपणात असते. ज्या वाइनमध्ये मुळात आम्ल आणि तुरटपणा यांचे बळ आहे तीच मुरते; बाकीच्या नुसत्या जुन्या होतात. महाराष्ट्रातल्या घरांना हा भेद नवा नाही. कैरी कोणती लोणच्याची आणि कोणती तशीच खायची, तांदूळ कोणता जुना झाल्यावर मोकळा शिजतो, हे ज्ञान कोणत्याही दालनात न जाता पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे.

भाषेबद्दलही तेच. चाखणीच्या दालनांतून जे शब्द पढवले जातात ते बहुतेक युरोपच्या परसबागांतले असतात. जे फळ कधी पाहिले नाही त्याचा वास आला असे म्हणण्यात काही अर्थ नाही. उलट मराठीत तुरट, आंबूस, कडसर, उग्र, खवट, कोंदट, घसा धरणारे, विटलेले, मुरलेले असे शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ शेतकऱ्याच्या जिभेवर पक्का आहे. शिराझच्या काही वाइनमध्ये येणारा काळ्या मिऱ्याचा वास, कॅबर्ने सोव्हिन्योत अपक्व काढणीमुळे येणारा ढोबळ्या मिरचीचा वास, खराब बुचामुळे येणारा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, हवा लागून बिघडलेल्या वाइनचा शिर्क्याकडे झुकणारा आंबूसपणा, हे ओळखायला परदेशी कोश लागत नाही. करवंद, जांभूळ, पेरू, ओले गवत एवढ्या सामग्रीवर नाशिकच्या वाइनचे बरेचसे वर्णन होऊ शकते. कोल्हापूरकडचा गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चेपून गुळाची वेळ ठरवतो. त्याच्या त्या निवाड्यावर साऱ्या घाण्याची कमाई अवलंबून असते आणि त्याला त्याची मजुरीही मिळते. वाइनच्या बाबतीत एवढाच फरक पडला की ज्ञान एका घरात राहिले आणि श्रम दुसऱ्या घरात.

ही पारख अचूक असते असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. बोर्दो विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. वाइनचे शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एकच पांढरी वाइन दोनदा दिली, एकदा जशीच्या तशी आणि एकदा चव-वास नसलेल्या रंगाने लाल करून. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला फसवले. जेथे रंग एवढे करतो तेथे बाटलीवरचे नाव आणि किंमत काय करीत असतील याची कल्पनाच केलेली बरी. याच्या उलट बाजूचे उदाहरण पॅरिसचे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच पारख्यांपुढे फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाला. शतकांची प्रतिष्ठा नावे झाकण्याच्या एका साध्या युक्तीने अर्ध्या दिवसात झाकली. नाव झाकून चाखणे ही पद्धत म्हणूनच महत्त्वाची आहे. तिच्यापुढे घराणे, जाहिरात आणि भांडवल यांचे वजन शून्य होते. पेल्याच्या आकाराने निकाल बदलू नये म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली चाखणीच्या पेल्याची मापेही ठरवून दिली. अंबडच्या तपासनिसाला या मागची दृष्टी समजावून सांगावी लागणार नाही.

(जाता जाता एक गोष्ट. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे पुस्तकात वाचून नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी ती तशीच ओतणारे महाभाग भेटतात. तो नियम ज्या खोल्यांसाठी केला गेला त्या युरोपातल्या, सोळा-अठरा अंशांच्या होत्या. आयात केलेले ज्ञान तपासून न घेतल्याचा हा निरुपद्रवी नमुना.)

मुरण्याच्या प्रश्नाकडे अर्थशास्त्राने फार पूर्वी लक्ष दिले होते. वस्तूचे मूल्य तिच्यात घातलेल्या श्रमावरून ठरते, असे मानणाऱ्या डेव्हिड रिकार्डोला तळघरातल्या वाइनने अखेरपर्यंत छळले. तीन-चार वर्षे ठेवलेली वाइन नव्या वाइनपेक्षा महाग विकते; त्या काळात तिच्यावर श्रम तर जवळजवळ झालेलेच नसतात; मग ही वाढ आली कोठून? मृत्यूच्या थोडे आधी, १८२३ मध्ये, मॅक्‌लक या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ही अडचण आपल्याला ओलांडता येत नसल्याची कबुली त्याने दिली. मार्क्सने श्रमाचा काळ आणि उत्पादनाचा काळ वेगळे केले. द्राक्षरस आंबत आणि मुरत असतो तेव्हा कामगाराचे हात थांबलेले असतात, पण उत्पादन पुरे झालेले नसते आणि गुंतवलेले भांडवल अडकून पडलेले असते. त्या अडकलेल्या भांडवलाला जो नफा मिळतो तो समाजात इतरत्र निर्माण झालेल्या वरकड मूल्यातला वाटा असतो. तळघरातल्या अंधाराने तो निर्माण केलेला नसतो. हा वाद तात्त्विक वाटला तरी त्याचे व्यावहारिक टोक दिंडोरीच्या बागेत रुतलेले आहे. मुरलेल्या वाइनची किंमत म्हणजे थांबण्याची किंमत. थांबू कोण शकतो? ज्याच्याजवळ स्टीलच्या टाक्या, थंडाव्यासाठी वीज, आयात केलेली ओकची पिंपे आणि या सर्वांसाठी कर्ज उभे करण्याची पत आहे, तो. झाडावरचे द्राक्ष थांबत नाही. तयार झाल्यावर ते आठ-दहा दिवसांत उतरवावे लागते, आणि सोसायटीचा हप्ताही मार्चअखेर थांबत नाही.

त्यात वाइनच्या द्राक्षाची आणखी एक अडचण आहे. थॉम्सन किंवा सोनाका या खाण्याच्या जाती. निर्यात बिनसली तर मुंबईच्या बाजारात जातात, तेही जमले नाही तर बेदाणा होतो. कॅबर्ने किंवा शिराझचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. फळबाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वेल लावल्यापासून पूर्ण उत्पन्न येईपर्यंत तीनेक वर्षे जातात. म्हणजे बागाइतदार एकदा या जातीकडे वळला की त्याचा माल घेऊ शकणारे मोजकेच कारखाने असतात आणि सौदा होण्याआधीच त्याची बाजू लंगडी झालेली असते. नाशिकने याचा अनुभव घेतला आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्योगासाठी वसाहती आखल्या. कारखाने भराभर उभे राहिले, लागवड वाढली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ला आणि जागतिक मंदी यांनी हॉटेले ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि पुढच्या हंगामात अनेक कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत किंवा पडेल भावाने उचलली. शेकडो शेतकऱ्यांनी वेल उपटले किंवा त्यांवर खाण्याच्या जातींची कलमे केली. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे ज्या कंपनीने १९८०च्या दशकात देशात फेसाळत्या वाइनचा पाया घातला, तीही याच वादळात कोलमडली. जे टिकले ते मोठे झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे समभाग प्रत्येकी ३५७ रुपये दराने बाजारात आले. ती सारी विक्री आधीच्या भागधारकांच्या समभागांची होती. गुंतवलेल्या भांडवलाला थांबण्याचे फळ मिळाले, यात बेकायदा काही नाही. पण वेल उपटणाऱ्याच्या थांबण्याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात आला नाही, हेही तितकेच खरे.

हिशेब मांडायचा तर अवघड नाही. पाऊण लिटरच्या एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. किलोला ५० रुपये भाव धरला, तर बाटलीतल्या द्राक्षाचा वाटा साठ-बासष्ट रुपये होतो. तीच द्राक्षे तीनशेच्या बाटलीत गेली काय किंवा पंधराशेच्या मुरवलेल्या बाटलीत गेली काय, बागाइतदाराचे साठ रुपये साठच राहतात, कारण करारात साखरेचा आकडा आहे, प्रतीचा नाही. ऊस उत्पादकाने उताऱ्याचा आकडा आणि काटा या दोन गोष्टींवर वर्षानुवर्षे भांडणे केली. उताऱ्यात अर्धा टक्का कमी दाखवला तर त्याला ते झोंबते, कारण भाव त्याच्याशी बांधलेला आहे हे त्याला कळते. दूध संस्थेत फॅट काढून देणाऱ्याकडे गवळ्याचे डोळे लागलेले असतात. वाइनच्या द्राक्षाबाबत असे भांडण अद्याप झालेले नाही, कारण भांडायचे कशावरून हेच माहीत नाही. पेठ-सुरगाण्याहून येऊन छाटणी आणि काढणी करणाऱ्या आदिवासी मजुरांची गोष्ट तर आणखी दूरची. रात्रीच्या काढणीत डोक्याला विजेरी बांधून काम करणाऱ्या बाईच्या मजुरीत त्या रात्रीच्या थंडाव्याने वाइनला आलेल्या तरतरीचा भाव कोठेही नसतो.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील लांगदॉक प्रांतात हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तेथे मारोसाँ या गावच्या छोट्या बागाइतदारांनी १९०१ साली ‘स्वतंत्र द्राक्ष बागाइतदार’ अशा अर्थाचे नाव घेऊन सहकारी संस्था काढली, आणि आपली वाइन व्यापाऱ्याला टाळून थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना विकली. ज्याँ जोरेस १९०५ साली मुद्दाम तेथे गेले आणि आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी या प्रयोगाचे स्वागत केले. पुढे १९०७ मध्ये भेसळयुक्त व साखर घालून केलेल्या वाइनमुळे भाव कोसळले तेव्हा त्याच प्रांतात लाखोंचे मोर्चे निघाले, नार्बोन येथे गोळीबारात माणसे मेली, आणि द्राक्ष बागाइतदारांचीच मुले असलेल्या सतराव्या पलटणीतील शिपायांनी बंड केले. त्यानंतर सहकारी तळघरे गावोगाव झाली. ही कथा येथवर आपल्या मेळाव्यांतून सांगण्याजोगी आहे. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या सहकारी तळघरांनी सभासदाला पैसे दिले ते वजनावर आणि मद्यार्काच्या अंशावर. बाजारातही तेथील वाइनचा भाव अंश गुणिले माप असाच निघे. अंश म्हणजे अखेर साखर. परिणाम असा झाला की ज्याच्या बागेत दर्जेदार द्राक्ष कमी पिकते त्याचा तोटा आणि ज्याच्या बागेत भारंभार पिकते त्याचा फायदा. दशकानुदशके पातळ, बेचव वाइनचे लोट वाहत राहिले, लोकांची आवड बदलली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय समुदायाला वेल उपटण्यासाठी अनुदान द्यावे लागले. मालकी सहकारी झाली तरी माप जुनेच राहिले, आणि त्या मापाने सहकाराला खाल्ले. नाशिकमध्ये उद्या सहकारी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची वाइन निघाली आणि तीही ब्रिक्सच्या आकड्यावरच सभासदाला पैसे देऊ लागली, तर वेगळे काही घडण्याचे कारण नाही. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्सने खाण्याच्या द्राक्षांबाबत दाखवून दिले आहे की छोटा बागाइतदार एकत्र आला, प्रत समजून घेतली, तर युरोपच्या बाजाराशी थेट बोलू शकतो. तेथे सभासदाला मण्याचा आकार, रंग, औषधांचे अंश यांचे माप माहीत असते. वाइनच्या बाबतीत अडते ते येथेच.

आता दारूच्या आक्षेपाकडे. तो झटकून टाकण्यासारखा नाही, आणि समाजवादी चळवळीने तर मुळीच झटकू नये. राज्यघटनेचे ४७वे कलम मादक पेयांच्या बंदीची दिशा दाखवते. ज्या गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली त्यांच्या लढ्यात या पत्राचे वाचक उभे राहिले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाइन ही दारू नव्हेच, असा युक्तिवाद पुढे आला. तो निर्णय अमलात आला नाही. पण युक्तिवाद मात्र अधूनमधून डोके काढतो. तो खोटा आहे. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो आणि यकृताला तो द्राक्षाचा की मळीचा हे कळत नाही. लाल वाइन हृदयाला हितकर, या १९९०च्या दशकात पसरलेल्या समजुतीवर जाहिरातींनी बरेच दिवस पोट भरले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. शेतकऱ्याच्या नावाने कोणी खप वाढवण्याची मागणी करीत असेल, तर तो शेतकऱ्याला पुढे करून स्वतःचा गल्ला भरत आहे असे समजण्यास हरकत नाही.

परंतु चाखणे आणि पिणे यांतला भेद या धंद्यातले खरे पारखी रोज पाळतात. ते थुंकतात. सकाळभरात तीस-चाळीस नमुने तपासायचे तर घोट गिळून चालत नाही. तोंडात घोळवावा, थोडी हवा आत ओढावी, चव आणि तिचा शेवट मनाशी नोंदवावा, आणि बादलीत टाकून द्यावा, हीच पद्धत. दालनातला पर्यटक थुंकत नाही, गिळतो. म्हणून ते दालन अखेर विक्रीचे दुकान असते. चहाच्या मळ्यांतले पारखी असेच थुंकतात आणि त्यांना कोणी चहाबाज म्हणत नाही. ज्याने आयुष्यात मद्य घेतले नाही आणि पुढेही घ्यायचे नाही, त्यालाही पारख शिकता येते. आणि मण्याची, रसाची, आंबण्यापूर्वीच्या द्राक्षाची पारख तर त्याशिवायही होते. व्यसनाने पोळलेल्या घरातली बाई यावर म्हणेल की बादली भरेल की पोट, याचा भरवसा कोणी द्यायचा. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या गावात तो प्रश्न तीव्र आहे तेथे मण्यापाशीच थांबावे. पण द्राक्षे पिकतच राहणार असतील, वाइन होतच राहणार असेल, तर ती कशाची झाली आणि कितीला गेली हे पिकवणाऱ्याने जाणू नये, असा निष्कर्ष त्या प्रश्नातून निघत नाही.

वेळही फार हाताशी नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार कराराने, तो २०२२च्या डिसेंबरअखेर अमलात आल्यापासून, बाटलीला पाच डॉलरहून महाग असलेल्या वाइनवरील दीडशे टक्के आयात शुल्क उतरू लागले आहे आणि दहा वर्षांत ते आणखी बरेच खाली येणार आहे. बाहेरची मधल्या दर्जाची वाइन स्वस्त झाली की येथील कारखानदार पहिला कात्री लावील ती द्राक्षाच्या भावाला, आणि कारण सांगेल प्रतीचे. त्या क्षणी ज्याला प्रत म्हणजे काय हे सांगता येणार नाही त्याला मान डोलवावी लागेल. म्हणून मागण्या आताच ठरवाव्यात. करारात साखरेबरोबर आम्लाचा आणि पक्वतेचा उल्लेख असावा. कारखान्याच्या दारात घेतलेल्या नमुन्याचा अर्धा भाग मोहोरबंद करून बागाइतदाराकडे राहावा. ज्या बागेची द्राक्षे मुरवण्याच्या टाकीत गेली त्या बागेला, ती वाइन विकली गेल्यावर, ठरावीक हप्ता मिळावा. सहकारी साखर कारखान्यांच्या अंतिम हप्त्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाशिक हे नाव जमिनीचे आणि ती कसणाऱ्यांचे आहे असे कायद्याने मान्य केले आहे. मग त्या नावाच्या मोलात कसणाऱ्यालाच वाटा का नसावा, हे त्याच कायद्याच्या आधारे विचारता येईल.

या मागण्या मांडायला माणसे लागतील आणि ती अंबडमध्ये आहेत. मापाचे महत्त्व जाणणारा, करार वाचता येणारा, संघटनेत बोलायला शिकलेला आणि रविवारी गावी जाणारा कामगार हा शेतकरी आणि चळवळ यांच्यातला सर्वांत जवळचा दुवा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर आणि काढणी सुरू होण्यापूर्वी गावात दोन महिन्यांची सवड असते. त्या काळात दोन-चार रविवारी बागाइतदार, मजूर आणि त्यांची कारखान्यात काम करणारी मुले यांनी एकत्र बसून मागील हंगामाच्या वाइन नावे झाकून तपासाव्यात: लाल आणि पांढरी, यंदाची आणि चार वर्षांपूर्वीची, स्वस्त आणि महाग. आंबटपणा, तुरटपणा, दोष, शेवट यांना प्रत्येकाने आपल्या शब्दांत गुण द्यावेत आणि मग पिशव्या काढाव्यात. खर्च म्हणायचा तर काही बाटल्या, दोन डझन पेले, काळ्या कापडाच्या पिशव्या आणि थुंकण्यासाठी एक बादली.